माळावरचे चिंकारे : शिक्रापूरहून ऐनवेळच्या फेरीचे नियोजन

हरणांच्या मागावर जायचे, तर आज ते फक्त पाहण्यासाठी. पूर्वी परवाना काढून शिकार करता येत असे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ ने तिला बंदी घातली. प्राणी मारणे एवढीच शिकार या कायद्यात धरलेली नाही; पकडणे, फासे लावणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि त्यांचा नुसता प्रयत्नही तीत येतो. चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड होतो. चितळ-सांबरांची शिंगे दरवर्षी गळतात, चिंकाऱ्याची मात्र कायम राहतात, कारण तो कुरंग कुळातला आहे. बोलण्यात त्यालाही हरीणच म्हणतात.

शिक्रापूरहून जवळचे खात्रीचे ठिकाण म्हणजे बारामती तालुक्यातील सुपे गावालगतचे मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य. १९९७ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ५.१४ चौरस किलोमीटर आहे आणि नाव मोरगावच्या गणपतीवरून पडले आहे. पर्जन्यछायेतील हा उघडा, खुरट्या झाडोऱ्याचा माळ चिंकाऱ्याला मानवतो. पाने, कोवळे गवत आणि दव यांतून त्याची तहान बरीचशी भागते.

प्रस्तुत लेखकाचा बेत जानेवारीत आदल्या रात्री ठरला आणि अभयारण्य पूर्ण अनोळखी होते. अशा वेळी पहिला प्रश्न जमीन कोणाची हा असतो. अभयारण्याबाहेर वनजमीन, गावचे गायरान आणि मालकीची शेते एकमेकांना खेटून आहेत. कुंपण नसले म्हणून जागा मोकळी ठरत नाही. वनविभागाचे हद्दीचे बुरूज आणि फलक ही जमिनीवरची खूण. फोनवरच्या उपग्रह चित्रात बागायत, माळ आणि गाडीवाटा वेगळ्या ओळखता येतात. त्या रात्री सुप्याभोवतीचे चित्र फोनमध्ये उतरवून ठेवले गेले, कारण माळावर रेंजचा भरवसा नसतो. दुर्बीण, पाणी, डबा आणि मातकट रंगाचे कपडे एवढीच तयारी लागली. पुणे वनविभागाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या गवताळ सफारीत इंदापूरची कडबनवाडी आणि बारामतीचे शिर्सुफळ येथे स्थानिक मार्गदर्शक मिळतो. मात्र त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

रस्ता तळेगाव ढमढेरे, न्हावरे, पारगाव, चौफुला असा आहे. पारगावला भीमा ओलांडली की शिरूर तालुका संपून दौंड लागतो. नदीकाठचा ऊस चौफुल्यापर्यंत सोबत करतो. पुढे सुप्याकडे जमीन उघडी होत जाते. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात, म्हणून पहाटे पाचच्या आत निघणे योग्य ठरते. सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास चिंकारे चरतात. ऊन तापले की बाभळीच्या सावलीला बसतात आणि मातीच्या रंगात दिसेनासे होतात.

प्रवेशद्वारावर नोंद करून शुल्क भरल्यावर ठरलेल्या वाटेनेच जावे लागते. चालत्या माणसाला चिंकारा लांबूनच बुजतो. सावकाश गाडीला तेवढा बुजत नाही. त्या सकाळी गाडी बंद करून थांबल्यावर काही वेळाने तीन चिंकारे दिसले : वळ्यांची लांब शिंगे असलेला नर आणि बारीक, आखूड शिंगांच्या दोन माद्या. काळी शेपटी सतत हलत होती. एका मादीने पुढचा पाय आपटून नाकातून शिंकेसारखा आवाज काढला आणि तिघेही पळाले. थोड्या अंतरावर थांबून त्यांनी मागे वळून पाहिले. ही चिंकाऱ्याची सवयच आहे. गाडी जागची हलली नाही, म्हणून ते पुन्हा चरू लागले आणि बराच वेळ नजरेसमोर राहिले. मागे गेल्यास ते दिसेनासे होतात, शिवाय उन्हाळ्यात प्राण्याची शक्ती वाया जाते. अनोळखी माळावर फिरण्यापेक्षा थांबण्याने जास्त दिसते, हे या फेरीत पक्के झाले.

याच माळावर लांडगा, खोकड आणि तरस यांचाही वावर असतो; हिवाळ्यात भोवत्या पक्षी येतात. धनगरांचे कळप लगतच्या माळावर चरतात, त्यांना वाट द्यावी. मेंढपाळाला विचारल्यास चिंकारे सकाळी कोणत्या बाजूला होते ते कळते. गावची मोकाट कुत्री चिंकाऱ्यांना, विशेषतः पाडसांना धोकादायक असतात. म्हणून पाळीव कुत्रा सोबत नेऊ नये आणि उरलेले अन्न माळावर टाकू नये. गवतात पाडस एकटे दिसले तरी उचलू नये. आई जवळपास चरत असते. जखमी प्राणी किंवा शिकारीचा संशय आल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर जागा सांगून कळवावे.