इर्विन नको, अकोल्याला जाऊ

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग हळूच म्हणाला, "मामू, मानेत गाठ लागतेय. ताप पण आहे." तीन आठवड्यांपूर्वी पुण्यात काय घडलं ते त्याने तुटक तुटक सांगितलं. मोबाईलवर एचआयव्हीची लक्षणं वाचून झाली होती आणि जे वाचलं ते त्याला अंगावर दिसत होतं.

मी रागावलो नाही. तो हक्क मी 2008 मध्येच गमावला.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा. जुलैत मुलाखतीसाठी मुंबईला गेलो आणि तिथे एका रात्री चुकलो. 2002 च्या अखेरीस मुंबईत बलबीर पाशाला एड्स होईल का, असं विचारणारे फलक लागले होते. तेव्हा आम्ही पोरं त्यावर हसायचो. आता तो प्रश्न माझा होता. अमरावतीला परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात घसा धरला. ऑगस्टमध्ये अर्ध्या वऱ्हाडाचा घसा धरलेला असतो, पण ते कुणाला सुचतं? फजरला उठून आधी आरशात जीभ बघायची, मग वुजू. पाण्याच्या पेल्यातून हा रोग पसरत नाही हे ठाऊक असूनही घरात पेला वेगळा ठेवला.

खरी अडचण वेगळीच होती. अम्मीने परतवाड्याला माझं लग्न ठरवलं होतं. निकाह ईदनंतर लगेच.

इर्विनला मोफत तपासणी होते हे माहीत होतं. पण तिथे आमच्या मोहल्ल्यातलं कुणी ना कुणी रोज असतंच. म्हणून एसटीने बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला सर्वोपचारमध्ये गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी दार लावलं आणि मला बोलू दिलं. म्हणाल्या, ताप, घसा, गाठी, पुरळ हे दोन ते चार आठवड्यांत येऊ शकतं, साध्या व्हायरलमध्येही येतं, आणि कित्येकांना काहीच होत नाही. लक्षणांवरून कुणालाच सांगता येत नाही, रक्त तपासावं लागतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. मी उठलो, तर त्या म्हणाल्या, "बसा. पाचच आठवडे झालेत. तीन महिने पूर्ण झाले की परत या."

तीन महिने म्हणजे ऑक्टोबर. ईद 2 तारखेला होती.

अम्मीला म्हणालो, नोकरीचं नक्की होऊ दे, निकाह बकरीदनंतर करू. ती दोन दिवस बोलली नाही. मुलीकडच्यांना काय तोंड दाखवायचं, हा तिचा प्रश्न बरोबरच होता. रमजानमध्ये वजन तीन किलो उतरलं. रोजे ठेवणाऱ्या सगळ्यांचंच थोडंफार उतरतं, पण मला त्यात एड्स दिसत होता. तरावीहनंतर तौबा करताना मी गुनाहची माफी कमी आणि निगेटिव्ह रिपोर्ट जास्त मागत होतो. आजार हीच शिक्षा, असं धरून चाललो होतो. सर्वोपचारच्या त्या बाकावर मात्र माझ्या शेजारी एक बाई बसली होती, नवऱ्याकडून लागण झालेली. तिची कसली शिक्षा?

ऑक्टोबरचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. निकाह डिसेंबरात झाला. सहा वर्षांनी बायकोला सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प राहून तिने एवढंच विचारलं, "तारीख त्यासाठी ढकलली होती?"

भाच्याला म्हणालो, हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर बचावाची औषधं मिळाली असती. ती 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. ती वेळ गेली. आता तपासणी. नाव फुटायचं भय बाळगू नको, 2018 पासून लागू असलेल्या कायद्याने संमतीशिवाय ना तपासणी करता येते, ना कुणाला सांगता येतं. आणि निघालंच, तर सरकारी औषधं 2004 पासून फुकट आहेत. रोज घेणारे कामधंदा करतात, संसार करतात.

सगळं ऐकून म्हणाला, "इर्विन नको मामू. अकोल्याला जाऊ."

मी वाद घातला नाही. सकाळच्या गाडीने गेलो. तो आत असताना मी बाहेर तसबी फिरवत बसलो. आला तेव्हा हातात पुढच्या तारखेची चिठ्ठी होती. मूर्तिजापूरपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "भूक लागलीय."