धावपट्टीच्या शेजारचे

लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला, समुद्रापासून गाडीने काही मिनिटांवर, सांता मोनिकाचा छोटा विमानतळ आहे. शिकाऊ वैमानिकांची सेसना, हौशी मंडळींनी जिवापाड जपलेली जुनी विमानं आणि धनिकांची लहान जेट, एवढाच त्याचा संसार. 31 डिसेंबर 2028 नंतर तो बंद करण्याची मुभा शहराला मिळाली आहे, आणि ती वापरायची हे शहराने ठरवूनही टाकलंय.

एवढ्याशा विमानतळाच्या आठवणी मात्र जगभर फिरून आलेल्या. 17 मार्च 1924 रोजी डग्लस कंपनीची चार विमानं इथून निघाली आणि त्यांतली दोन पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आली. वाटेत कलकत्त्याला त्यांचे पाण्यावर उतरण्याचे तरंगते पाय काढून चाकं बसवली होती. 1929 मध्ये अमेलिया एअरहार्टसह वैमानिक बायकांची क्लीव्हलँडपर्यंतची शर्यत इथूनच सुटली. जिंकली लुईस थेडन. आणि 17 डिसेंबर 1935 रोजी डग्लसचंच डीसी-3 पहिल्यांदा उडालं तेही याच जमिनीवरून. त्याचाच लष्करी अवतार म्हणजे आपलं डकोटा, ज्यातून ऑक्टोबर 1947 मध्ये भारतीय जवान श्रीनगरला उतरले.

म्हाताऱ्या शेजाऱ्यांना विचारलं, तर ते आधी दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट सांगतात. जपानी बॉम्बहल्ल्याच्या भीतीने विमानतळालगतचा डग्लसचा अख्खा कारखाना झाकला होता. खांबांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणली, तिच्यावर लाकूड-कापडाची खोटी घरं उभी केली, तारेला पिसं चिकटवून झाडं केली. हॉलिवूडचे नेपथ्यकार हाताशी होतेच! वरून पाहणाऱ्याला शेजारची सनसेट पार्क ही वस्तीच पुढे पसरल्यासारखी दिसे. ही युक्ती इतकी साधली, की अमेरिकेच्याच वैमानिकांना धावपट्टी सापडेना.

सनसेट पार्कमधली खरी घरंही पुष्कळशी डग्लसच्या कामगारांसाठी उभी राहिली. खरी गंमत इथेच आहे. जेटयुग आलं, डीसी-8 साठी लांब धावपट्टी हवी झाली, पण घरं पाडून ती वाढवायला रहिवासी तयार होईनात. डग्लसने ते काम लाँग बीचला नेलं आणि पुढे इथला कारखानाही गेला. घरं राहिली. आता तिथल्या लोकांना जेटचा कानठळ्या बसवणारा आवाज आणि शिसंमिश्रित इंधनाचा धूर नको आहे.

त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, कारण विमानतळ आधीचा आणि त्यांतले बहुतेक नंतरचे. पण धावपट्टीच्या टोकाला हाकेच्या अंतरावर परसदारं आहेत. मार्च 2015 मध्ये अभिनेता हॅरिसन फोर्डच्या जुन्या विमानाचं इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद पडलं आणि त्याने ते जवळच्या पेनमार गोल्फ मैदानात उतरवलं. मैदान होतं म्हणून निभावलं. भोवती सगळी घरंच. जुहूच्या विमानतळाला इमारती कशा खेटल्यात हे पाहिलेल्या मुंबईकराला ही धास्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

2017 च्या जानेवारीत शहर आणि अमेरिकेचं केंद्रीय विमानवाहतूक प्रशासन यांच्यात तडजोड झाली; विमानतळ बंद करण्याची मुभा तिच्यातूनच मिळाली. वर्षअखेरीस धावपट्टी 4,973 फुटांवरून 3,500 वर आली आणि मोठ्या जेटचं येणं थांबलं. जागा सुमारे 227 एकर आहे. 2014 मध्ये मतदारांनी असा नियम केला, की विमानतळ गेल्यावर तिथे उद्यानं, मैदानं किंवा मोकळी जागाच हवी. दुसरं काही बांधायचं तर पुन्हा कौल घ्यावा लागेल. तरीही परवडणारी घरं बांधा म्हणणारे गप्प बसलेले नाहीत. इथली भाडी बघता त्यांचंही चुकत नाही. ती घरं बांधायची ठरली, तर त्यांना पहिला विरोध बहुधा सनसेट पार्कमधूनच होईल.