इंदूरची वाट आणि उदयनगरची समाधी

मुंबई सेंट्रलहून सायंकाळी सुटणारी अवंतिका एक्सप्रेस रातोरात गुजरात ओलांडते आणि रतलाम, उज्जैन ही स्थानके मागे टाकीत सकाळी इंदूरला येऊन थांबते. वसई, उत्तन, गोराई ह्या भागांतील आमच्या वाचकांना ती बोरिवलीस गाठता येते. पहाटे जाग आली की खिडकीबाहेर माळव्याची काळी जमीन दिसू लागते. फेब्रुवारी महिना असेल तर तिच्यावर गहू उभा असतो, आणि भातशेतीची सवय असलेल्या आमच्या डोळ्यांना ही बांधांवाचून पसरलेली शेते प्रथम जरा उघडीबोडकी वाटतात. स्टेशनाबाहेर पोहे-जिलेबीचा वास येतो. अशी जोडी आमच्याकडे कोणी करणार नाही; परंतु प्रवासाने भुकेलेल्या माणसाने ह्या बाबतीत फार चिकित्सक असू नये.

इंदूर हे हिंदी मुलखातील शहर खरे, तथापि येथे मराठी माणसाला परके वाटत नाही. होळकरांच्या राज्याबरोबर आलेली मराठी घराणी येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहेत आणि त्यांच्या बोलण्यात हिंदीची गोडी मिसळलेली आहे. शहराच्या मध्यभागी होळकरांचा सातमजली राजवाडा आहे व त्याच्यासमोर देवी अहिल्याबाईंचा पुतळा. ह्या बाईची कथा आमच्या शाळांतून सर्वांनी वाचलेली असते. पण तेथे उभे राहून ती पुन्हा आठवली म्हणजे वेगळीच वाटते. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ साली सासरे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. पुढे जावई वारला आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. एवढे सारे सोसून ह्या बाईने १७९५ पर्यंत राज्य चालविले, आणि परंपरा असे सांगते की, आपल्या आज्ञापत्रांवर ती स्वतःचे नाव न घालता श्रीशंकराचे नाव घालीत असे. राज्य देवाचे, आपण त्याची कारभारीण, असा तिचा भाव. मात्र कारभारात तिने ढिलाई केली नाही. हिशेब तिने स्वतः पाहिले, फिर्यादी स्वतः ऐकल्या. तिचा धर्म वेगळा, आमचा वेगळा. पण सारी सत्ता देवाची हे जी राज्यकर्ती मानते तिला आपल्या कामातून सुटी मिळत नाही, एवढे ख्रिस्ती माणसालाही तिच्यापासून सहज समजून घेता येईल. आम्ही ज्या समाधीकडे निघालो होतो, तिच्या वाटेवर हा पुतळा लागावा ह्याचे आम्हांस बरे वाटले.

इंदूरचे कॅथोलिक धर्मप्रांत म्हणून १९५२ साली स्वतंत्र अस्तित्व सुरू झाले. येथील कॅथेड्रल असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाचे असून लोक त्याला लाल चर्च म्हणतात. रिक्षावाल्याला एवढेच सांगितले तरी पुरते. तेथे मिस्सा ऐकून आम्ही उदयनगरच्या वाटेला लागलो. उदयनगर हे गाव इंदूरच्या आग्नेयेस, देवास जिल्ह्यात आहे. शहर मागे पडले की शेते येतात, शेते संपली की झाडी आणि चढउतार सुरू होतात, आणि मग नाचनबोर नावाची घाटाची जागा येते. ह्याच रस्त्यावर १९९५ च्या फेब्रुवारीत २५ तारखेला सकाळी सिस्टर राणी मरिया ह्यांचा बसमध्ये वध झाला.

सिस्टर राणी मरियांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळातील पुल्लुवझी ह्या गावी, वट्टालिल नावाच्या शेतकरी कुटुंबात झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट ह्या संस्थेत त्यांनी प्रवेश केला. संत अल्फोन्सा ह्याच संस्थेच्या. १९७४ साली त्यांनी पहिली व्रते घेतली आणि पुढल्या वर्षी त्या उत्तर हिंदुस्थानात, बिजनोर येथे सेवेसाठी आल्या. तेथून सतना भागात, आणि १९९२ साली उदयनगरला. केरळच्या मुलीने हिंदी शिकावी, थंडीत कुडकुडावे, भाकरी खावी, आणि मग ज्यांना कोणी विचारीत नाही अशा आदिवासी पाड्यांतून पायी हिंडावे, ह्यात आम्हांला काही मोठे वाटत नाही, इतके आमच्या सिस्टर्सनी आम्हांस त्याची सवय करून ठेवली आहे.

त्यांचे काम काय होते ते नीट सांगितले पाहिजे, कारण ते ऐकून कोणाला फार धार्मिक वाटणार नाही. उदयनगरच्या परिसरातील आदिवासी शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडालेला होता. बियाण्यासाठी कर्ज, आजारपणासाठी कर्ज, लग्नासाठी कर्ज; आणि ते फिटेपर्यंत पीक सावकाराचे व मजुरीही सावकाराची. सिस्टरांनी ह्या माणसांना बँकेची वाट दाखविली. सरकारी योजनेतून कर्ज कसे मिळते, अर्ज कसा भरावा, कोणत्या कचेरीत कोणाला भेटावे हे त्यांनी शिकविले. बायकांना एकत्र बसवून थोडी थोडी बचत करावयास लाविले. अन्याय झाला तर तक्रार करता येते हे सांगितले. अर्ज, शिक्के, पासबुके, कचेऱ्यांचे हेलपाटे — असे हे काम. परंतु ज्या माणसाला आपल्या जमिनीचा कागद वाचता येऊ लागतो तो सावकाराच्या दारी पूर्वीसारखा वाकत नाही, आणि हे ज्यांना परवडणारे नव्हते त्यांच्या डोळ्यांत ह्या सिस्टर सलू लागल्या.

त्या दिवशी सकाळी त्या उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. इंदूरमार्गे त्यांना पुढे केरळात घरी जावयाचे होते. समंदरसिंग नावाचा तरुण त्याच बसमध्ये होता. वाटेत त्याने सुरा काढला. बसमध्ये त्याने वार केले, त्यांना बाहेर ओढले आणि रस्त्यावरही वार केले. ५४ जखमा मोजल्या गेल्या. त्यांच्या तोंडी येशूचे नाव होते. बस उतारूंनी भरलेली होती. कोणी पुढे झाले नाही. त्या उतारूंना दोष देणे सोपे आहे. सुरा हातात घेतलेल्या माणसासमोर आपण काय केले असते हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. सिस्टर तेव्हा ४१ वर्षांच्या होत्या.

वाचकहो, आता एका शब्दाविषयी लिहिणे भाग आहे. आमच्या गावात होडी परत येत नाही, तरणाताठा मुलगा मोटारसायकलवरून जातो, बाळंतीण दगावते. आणि प्रेत अजून घरात असतानाच कोणीतरी शेजारी म्हणतो, देवाची इच्छा! म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. काय बोलावे हे सुचत नाही म्हणून तो हे बोलतो. पण ती आई गप्प होते, आणि आम्ही अनेकदा असे पाहिले आहे की ती पुढे वर्षानुवर्षे गप्पच राहते. तिच्या मुलाला मारणारा देव आणि जपमाळेत ज्याला ती बाप म्हणते तो देव, हे दोन्ही एकच कसे, हा प्रश्न तिने कोणाला विचारलेला नसतो. आमच्या मते हे वाक्य घाईने उच्चारू नये. नाचनबोरच्या रस्त्यावरचा सुरा देवाने चालविला नाही. तो समंदरसिंगाने चालविला, आणि त्याच्यामागे कोणाची फूस होती तेही माणसांचेच पाप. पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण ह्या बाबतीत स्पष्ट आहे: देव पापाचा कर्ता नव्हे. माणसाला दिलेले स्वातंत्र्य तो हिरावून घेत नाही म्हणून तो पाप होऊ देतो. आणि जे होऊ दिले त्यातूनही तो चांगले घडवू शकतो, हा त्याच्या सार्वभौम सत्तेचा अर्थ. योसेफाला त्याच्या भावांनी विकले ते पापच होते. त्याच योसेफाच्या हातून पुढे त्या भावांची भूक भागली, म्हणून विकण्याचे पाप पुण्य झाले नाही. आणि स्वतः प्रभू येशूनेही गेथशेमनी बागेत आधी तो प्याला दूर होण्याची विनंती केली, मगच पित्याच्या इच्छेला मान दिला. आधीची विनंती गाळून आपण फक्त नंतरचे घेतो, हे बरे नव्हे.

मग देवावर हवाला ठेवणे म्हणजे काय करणे? ह्याचे उत्तर पुस्तकांतून शोधण्यापेक्षा पुढे जे घडले ते सांगितलेले अधिक बरे.

समंदरसिंगाला जन्मठेप झाली. तुरुंगात असताना त्याची बायको त्याला सोडून गेली. ज्यांनी आपल्याला चिथावले ते बाहेर मोकळे आहेत, सुटल्यावर त्यांना ठार करावयाचे, एवढाच विचार आपल्या मनात होता असे त्यानेच पुढे सांगितले आहे. इंदूरच्या तुरुंगात त्याला भेटावयास स्वामी सदानंद जाऊ लागले. स्वामी सदानंद हे सी. एम. आय. संस्थेचे कॅथोलिक धर्मगुरू. ते संन्याशाच्या वेषात राहत. २०१६ साली ते निवर्तले. त्यांनी त्याच्याशी काय बोलणे केले असेल त्याची आम्ही कल्पना करीत बसत नाही. पण ते पुन्हा पुन्हा गेले, हे महत्त्वाचे. एका भेटीत जे होत नाही ते दहाव्या भेटीत होते, हे कैद्यांची सेवा करणारे जाणतात.

सिस्टर राणी मरियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल ही त्याच संस्थेत आहे. २००२ साली राखीच्या सणाच्या निमित्ताने ती तुरुंगात गेली आणि आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर तिने राखी बांधली. हे वाचावयास दोन ओळी लागतात. घडावयास सात वर्षे लागली, आणि ह्या सात वर्षांकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधीत आहोत. कोणी दुखावले तर रविवारच्या प्रवचनानंतर दुपारपर्यंत क्षमा झाली पाहिजे अशी आमची समजूत असते, आणि ती झाली नाही की आपण स्वतःला वाईट ख्रिस्ती समजू लागतो. शेताच्या बांधावरून दोन भावांचे बोलणे बंद झालेले असते. पाद्री येऊन हात मिळवून देतात. आणि पुढल्या पावसाळ्यात पुन्हा तेच. देवाला घाई नसते. उदयनगर प्रकरणात त्याने सात वर्षे घेतली आणि मग एक सुताचा धागा वापरला.

ह्या कुटुंबाने तेवढ्यावर थांबू नये हे विशेष. खुन्याची सुटका व्हावी म्हणून त्यांनीच अर्जावर सह्या केल्या, आणि २००६ साली समंदरसिंग सुटला. न्यायालयाने आपले काम केले होते, शिक्षा झाली होती, ती त्याने अकरा वर्षे भोगली होती. कायद्याला बगल देऊन कोणी क्षमा केली नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कुटुंबाने सोडून दिला तो आपला हक्क: ह्या माणसाचे वाईट व्हावे अशी इच्छा करण्याचा हक्क. तो हिशेब त्यांनी देवाच्या वहीत मांडू दिला.

पुढल्या वर्षी, २००७ साली, समंदरसिंग स्वामी सदानंदांबरोबर केरळात पुल्लुवझीला गेला. घरी सिस्टरांची वृद्ध आई एलिस्वा होती. त्याने क्षमा मागितली. तिने त्याचे हात हातांत घेऊन त्यांचे चुंबन घेतले. ह्या हातांवर माझ्या मुलीचे रक्त आहे, अशा अर्थाचे कारण तिने दिले. आम्ही वेदीवर रक्तसाक्षींच्या अवशेषांना मान देतो; ह्या बाईला आपल्या मुलीचा अवशेष त्या मनुष्याच्या हातांवर दिसला. धर्मशास्त्राचे शिक्षण तिला नव्हते. देवाची इच्छा हे शब्द बोलावयाचा अधिकार शेजाऱ्याला नसतो, तो अशा आईलाच असतो. आणि तिने तो शब्दांनी वापरलाच नाही.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला, सेंट पॉल शाळेच्या मैदानावर, पोप फ्रान्सिस ह्यांच्या वतीने कार्डिनल अँजेलो अमातो ह्यांनी सिस्टर राणी मरियांना धन्य म्हणून घोषित केले. रक्तसाक्षी म्हणून वेदीचा मान मिळालेल्या त्या पहिल्याच भारतीय स्त्री. ज्या शहराकडे त्या बसने निघाल्या होत्या आणि जेथे त्या दिवशी जिवंत पोहोचल्या नाहीत, तेथेच हा सोहळा झाला. मैदान हजारो लोकांनी भरले होते, आणि त्यांत पाड्यांवरील आदिवासी स्त्रीपुरुषही होते.

त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, त्यांचे अवशेष उदयनगरच्या दफनभूमीतून उचलून तेथील चर्चमध्ये समाधीत ठेवण्यात आले होते. समाधी साधी आहे. तेथे येणाऱ्यांत ख्रिस्ती असतात तसेच नसणारेही असतात. एखादी बाई डोईवरचा पदर सावरीत येते, फुले ठेवते, जरा वेळ भुईवर बसते आणि कामाला निघून जाते. समंदरसिंगही सुटल्यानंतर येथे येत राहिला. दरवर्षी २५ फेब्रुवारीला त्यांचा सण असतो. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी इंदूरला एक मुक्काम करून सकाळी लवकर निघावे. घाटात गाडी हळू जाते, आणि ती हळू गेलेलीच बरी.