रात्री दोनला दार वाजव

पुणे,
कार्तिकी एकादशी

चि. बाळास,


परवा तुझा फोन झाला आणि मी तशीच बसून राहिले. तू म्हणालास, "अक्का, गॅस कुठला आणि हार्ट कुठलं, हे ओळखायचं कसं ते एका कागदावर लिहून पाठव. भजनी मंडळात वाचून दाखवतो." ऐकून बरं वाटलं. पण लगेच पुढे जे बोललास ते काही केल्या मनातून जाईना. "आणि कळलं असतं तरी हरतालिकेच्या रात्री कुणाला उठवणार होतो? सुमनचा निर्जळी उपास, शेजारचे मास्तर नुकते मुंबईहून आलेले." हसत बोललास तू. मला हसू आलं नाही, बाळ. तुझ्या हृदयाचा जो भाग गेला, तो या एका वाक्यापायी गेला आहे.

तेव्हा कागद पाठवते आहे, पण तो तुझ्या प्रश्नापुरता राहणार नाही. राग मानू नकोस. मानलास तरी पूर्ण वाच.

आधी तू विचारलंस ते. हार्टचं दुखणं म्हणजे छातीत डावीकडे सुई टोचल्यासारखी कळ, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं आहे. नाटक-सिनेमात नट डावीकडे हात दाबून पडतो ना, त्याचा हा परिणाम. मी नोकरीत असताना वॉर्डात आलेली बहुतेक माणसं "दुखतंय" असं म्हणायचीच नाहीत. "छाती भरून आल्यासारखी वाटते", "कुणी आवळून धरलंय", "आत जळजळतंय", "ओझं ठेवलंय" असं म्हणायची. कुठे, असं विचारलं की एक बोट ठेवायची नाहीत. छातीच्या मधोमध मूठ नाहीतर सगळा पंजा ठेवायची. सॅम्युएल लेव्हाइन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांच्या नावाने ही खूण ओळखतात. हा दाब डाव्या हातात उतरतो, कधी दोन्ही हातांत, कधी गळ्याकडे, जबड्यात, पाठीत, तर कधी नुसता पोटाच्या वरच्या भागात. जोडीला थंडगार घाम, मळमळ किंवा उलटी, धाप, डोळ्यांपुढे अंधारी. आणि मनात एक भीती दाटून येते, काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. या भीतीला वेड समजू नकोस, तीही लक्षणांतच धरतात.

पोटाचं मुद्दाम सांगते, कारण तू तिथेच फसलास. हृदयाचा खालचा भाग पोटाच्या पडद्याला टेकलेला असतो. तिथला रक्तपुरवठा तुटला की ढेकर, उलटी, पोटात कालवाकालव होते आणि माणूस इनो पिऊन बसतो. ढेकर आली, बरं वाटलं, म्हणजे गॅसच होता, असा हिशेब करू नये. हार्टच्या दुखण्यातही ढेकर येते.

सुईसारखं टोचणं, एका बोटाने दाखवता येणारं, खोल श्वास घेतला किंवा दाबलं की वाढणारं दुखणं बहुधा स्नायूंचं किंवा फासळीचं असतं. पण "बहुधा" हा शब्द मंडळात वाचताना दोनदा वाच. इतकी वर्षं कॅज्युअल्टीत काढून सांगते, नुसतं बघून गॅस आणि हार्ट वेगळे करणं भल्या भल्या डॉक्टरांना जमत नाही. म्हणून तर माणूस दारात आला की 10 मिनिटांत त्याचा ईसीजी काढायचा, असा नियम आहे. बरं, पहिला ईसीजी चांगला आला म्हणून घरी सोडायचं नसतं. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन बघतात, आणि तेही वाढायला काही तास लागतात म्हणून पुन्हा बघतात. एवढी यंत्रं, एवढी माणसं ज्यासाठी लागतात, ते तू रात्री ओसरीवर बसून एकट्याने ठरवणार? ओळखणं हे तुझं कामच नव्हे. शंका आली की दुसऱ्याला उठवणं, एवढंच तुझं काम.

आणि शंका तुला आली होती. नाही म्हणू नकोस. बनियन पिळून निघालं म्हणून तू ते बदललंस, ओलं बनियन सुमनला दिसू नये म्हणून न्हाणीत लपवलंस. गॅस झालेला माणूस बनियन लपवत नाही. रात्री दोनला छाती भरून आली आणि साताऱ्याच्या दवाखान्यात तू पोहोचलास दुसऱ्या दिवशी दुपारी एकला. मधल्या वेळात कुंभाराकडून मूर्ती आणलीस, मखर बांधलंस, आरतीला उभा राहिलास. अकरा तास, बाळ!

त्या अकरा तासांत आत काय चाललं होतं ते ऐक. रक्तवाहिनीच्या आतल्या थराखाली चरबीचा थर साचलेला असतो. तो फुटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद होते. पाट बुजला की पुढच्या पिकाचं काय होतं हे शेतकऱ्याला मी काय सांगू? पण पिकाला दोन दिवस तरी मिळतात. हृदयाचा स्नायू अर्ध्या तासाच्या आसपास मरायला लागतो आणि पुढे तासातासाने मरत जातो. वाट लवकर उघडली तर वाचतो. उशिरा उघडली तर माणूस वाचतो, पण तेवढा स्नायू परत येत नाही. तुझ्या एकोच्या कागदावर हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद 40 टक्के लिहिलीय ती त्यामुळे. निरोगी हृदयाचा हा आकडा 55 च्या वर असतो. आता बांधावरून चालताना धाप लागते ना, ती त्या रात्रीची किंमत आहे.

आणखी एक. अशा वेळी हृदयाची लय अचानक बिघडते आणि माणूस क्षणात कोसळतो. पहिल्या तासातले बरेचसे मृत्यू असेच होतात, तेही दवाखान्याबाहेर. शॉक देणारं यंत्र जवळ असेल तर तो वाचू शकतो. म्हणून मोटरसायकलवर मागे बसवून न्यायचं नाही, स्वतः गाडी चालवत जायचं नाही. 108 ला फोन करायचा. 2014 पासून ही गाडी आपल्या राज्यात फुकट आहे, त्यात डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो. गाडीला फार वेळ लागणार असेल तर दुसऱ्या कुणीतरी चालवलेली मोटार. आणि कोणता दवाखाना, हे आजच विचारून ठेवा. जिथे चोवीस तास ईसीजी निघतो आणि अँजिओप्लास्टी होते, तो पहिला. तिथे दोन तासांत पोहोचून वाट उघडणार नसेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन मिळतं. ते बारा तासांच्या आत द्यायचं असतं आणि पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सगळ्यांत जास्त. पैशाची काळजी असेल तर महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत घालून खुंटीला लावून ठेवा.

आता माझं मत ऐक. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे माणसं जितकी या आजाराने मरतात तितकीच भिडेने मरतात. वॉर्डात उशिरा येणाऱ्यांना मी विचारायची, रात्रीच का नाही आलात? कुणाच्या पोरीचा बारावीचा पेपर होता. कुणाला पहाटे डेअरीत दूध घालायचं होतं. कुणाकडे गौरी जेवायच्या होत्या. जीपवाला कालच पंढरपूरहून आला, दमला असेल. डॉक्टर झोपले असतील. आणि सगळ्यांत मोठं कारण, काही निघालं नाही तर हसं होईल. अरे, कोण हसतं? ईसीजी चांगला निघालेल्या माणसाला चहा पाजून घरी पाठवताना आम्हाला जेवढा आनंद व्हायचा तेवढा कशानेच होत नसे. फुकट हेलपाटा झाला म्हणून कुणाचा जीव गेल्याचं मी पाहिलं नाही. लोकांचं मन राखणं, कुणाला तोशीस न देणं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं, चांगलंच शिकवलं. पण ते वेळेपुरतं बाजूला ठेवायला कुणी शिकवलं नाही. तात्या असेच गेले, ते मी पुन्हा काढत नाही. आईने जन्मभर काढलं, तेवढं पुरे आहे. पण तू तरी शिकायला हवं होतंस.

तुझ्या मंडळात दोन गोष्टी फिरतात म्हणे. एक, झटका आला की जोरजोरात खोकत राहायचं. ते डोक्यातून काढा. एकट्या माणसाने घरी तसं करून जीव वाचतो याला आधार नाही, उलट फोन करायचा वेळ जातो. दुसरी, खिशातली सॉर्बिट्रेट. ती डॉक्टरांनी ज्याला दिली त्यानेच, सांगितली तशीच घ्यायची. शेजाऱ्याच्या जिभेखाली ठेवू नका; रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती घातक ठरते. आणि कुणी लैंगिक ताकदीच्या गोळ्या घेत असेल तर त्याने ही गोळी घेऊ नये, आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. तिथेही भीड नको. अ‍ॅस्पिरिनचं मात्र खरं आहे. 1988 मध्ये सतरा हजारांवर रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या अ‍ॅस्पिरिनने मृत्यू जवळपास पावपट कमी झाले. 300 ते 325 मिलिग्रॅमची गोळी चावून घ्यायची, अख्खी गिळायची नाही. ज्याला तिचं वावडं आहे, पोटात रक्तस्राव झालेला आहे, किंवा तोंड वाकडं होऊन हातपाय लुळे पडले आहेत, त्याला द्यायची नाही. शंका असेल तर 108 च्या डॉक्टरला फोनवरच विचारा. आणि आधी गाडी बोलवायची, मग गोळी.

झटक्याच्या आधीही शरीर सांगत असतं. विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1768 मध्ये लंडनला एक निबंध वाचला. चालताना, विशेषतः चढावर, जेवणानंतर छाती आवळते आणि थांबलं की जाते, असं त्याने लिहून ठेवलं. तेव्हा ईसीजी नव्हता, काही नव्हतं, नुसतं रोग्यांचं ऐकून लिहिलं. आणि तू चैत्रात सज्जनगडाच्या पायऱ्यांवर दोनदा थांबलास, तेव्हा काय म्हणालास? "वय झालं आता." चढावर येणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं, तेच पुढे थोड्या चालण्याने, मग बसल्या जागी यायला लागलं की एक दिवसही थांबायचं नाही. तुला साखर आहे. साखरेच्या रोग्याला नसा बधिर झाल्याने कधी छाती दुखतच नाही, नुसता घाम आणि धाप. त्यात ती चुना-तंबाखू. 2004 मध्ये 52 देशांतला इंटरहार्ट नावाचा अभ्यास आला. त्याच्याच माहितीवरून पुढे दिसलं की आपल्या भागातल्या माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी येतो. आणि तंबाखू ओढली काय, चघळली काय, हृदयाला दोन्ही वैरीच. चंची चुलीत घातलीस असं सुमन म्हणते. खरं ना? आणि तुला स्टेंट बसला म्हणजे रोग गेला असं नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दात काढायच्या आहेत म्हणूनसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

इथवर तुझ्यासाठी झालं. आता ज्यासाठी मला रात्री झोप नाही ते लिहिते. फोन ठेवता ठेवता सुमन म्हणाली, "वन्सं, दिवाळीपासून मळ्यातून वर येताना दम लागतो, दोन खांद्यांच्या मध्ये ओढ बसते. कामाचा शीण असेल." आणि लगेच तुझ्या पथ्याचं विचारायला लागली. बाळ, बायकांना छातीत दुखतं, पण पुष्कळदा नुसतीच धाप, जबडा, पाठ, न सोसणारा थकवा एवढंच पुढे येतं. घरात कुणी ते ऐकत नाही, त्याही सांगत नाहीत. जबडा दुखतो म्हणून दाताच्या डॉक्टरकडून आमच्याकडे आलेली बाई मी पाहिली आहे. सुमन तुझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तिची साखर कुणी कधी तपासली आहे का? तुझ्या आजारपणात दोन महिने तिने रात्री जागून काढल्या. तिला विचारायला घरात दुसरं कोण आहे?

तुझ्या पोराला मी आज सकाळीच फोन केला आहे, पत्राची वाट बघत बसू नका. उद्याच तिला साताऱ्याला घेऊन जा. ईसीजी, रक्तदाब, साखर आणि डॉक्टर म्हणतील तर एको. ती "तुळशीचं लग्न होऊ दे" म्हणेल, ऐकू नकोस. जायच्या आधी बसल्या जागी धाप लागली, घाम फुटला, तर तेव्हाच 108 ला फोन कर. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मास्तरांचं दार वाजव. त्यांना मी सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "अक्का, त्या रात्री उठवलं नाही याचंच मला वाईट वाटतं."

हा कागद मंडळात वाचायचा तर वाच, पण आधी सुमनचा ईसीजी काढून ये आणि त्याचा फोटो मला पाठव.

तुझी,
अक्का