राजाच्या वाटेवर एकटी

स्वीडनच्या उत्तरेला 'कुंग्सलेदेन' नावाची एक पायवाट आहे. कुंग्सलेदेन म्हणजे राजाची वाट. नाव भारदस्त असले तरी तिच्यावर ना राजवाडा आहे ना गाव. अबिस्कोपासून दक्षिणेला हेमावानपर्यंत सुमारे ४४० किलोमीटर डोंगर, दलदल, तळी आणि वारा. १८८५ साली स्थापन झालेल्या स्वीडिश पर्यटक संघाने विसाव्या शतकाच्या आरंभापासून ही वाट हळूहळू बांधून काढली.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे स्टॉकहोमला आहे. गेल्या वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात या वाटेचा उत्तरेकडचा साधारण ११० किलोमीटरचा तुकडा मी एकटीने चालले. लोक त्याला सात-आठ दिवस देतात. मी तीन ठरवले होते. पाठीवर कमीत कमी ओझे घ्यायचे, चढावर झपाझप चालायचे आणि उतारावर व सपाटीवर पळायचे, असा एक प्रकार आता इकडे रूढ झाला आहे. त्याला फास्टपॅकिंग म्हणतात. एमिली फोर्सबर्ग या स्वीडिश धावपटूने २०१८ साली अख्खी वाट पाच दिवसांच्या आत पार केली. आपली तशी ऐपत नाही, पण तीन दिवसांत ११० किलोमीटर जमतील असा माझा हिशेब होता.

नागपूरला फोन केला तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, "तिथं माणूस नाही म्हणतेस, मग वेळ पडली तर हाक कुणाला मारशील?"

मी तिला सांगितले की ठराविक अंतरावर मुक्कामघरे आहेत, बहुतेक ठिकाणी तातडीचा फोन आहे, आणि मदतीचा इशारा उपग्रहामार्फत पाठवणारे एक छोटे यंत्रही मी सोबत घेत आहे. मोबाईल तिकडे बहुतेक वाटेवर लागत नाही, हे मात्र सांगितले नाही.

सॅक भरून सात किलोची झाली. झोपायची पिशवी, पावसाचे कपडे, एक गरम जोडी, नकाशा, होकायंत्र, औषधे. खाण्यात भाजलेले पोहे, शेंगदाण्याची चिक्की आणि चणाडाळीचे पीठ. गरम पाणी ओतले, झाकून ठेवले की पोहे पाच मिनिटांत तयार. महागड्या सुक्या जेवणाच्या पाकिटांपेक्षा ते हलके पडते आणि तोंडाला चवही राहते. तंबू घेतला नाही. रात्री मुक्कामघरात काढायच्या होत्या.

येल्लिवारे गावाहून बस निघते. ती तासन् तास जंगलातून जाते आणि मग सुओर्वाचे धरण लागते. धरणामागे आक्कायाउरे हा प्रचंड जलाशय. 'याउरे' म्हणजे सामी भाषेत तळे. पण हे निसर्गाने केलेले तळे राहिलेले नाही. १९०९ साली हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला आणि दहाच वर्षांनी, १९१९ मध्ये, विजेसाठी त्यातला पाण्याचा भाग उद्यानातून कायद्याने वगळला गेला. धरण बांधले, पुढे अनेकदा उंच केले. शेवटची वाढ १९७२ साली पूर्ण झाली. दर वेळी काठावरच्या सामी कुटुंबांची घरे, चुली, होड्या बांधायच्या जागा, रेनडियरची चराऊ जमीन पाण्याखाली गेली. बसच्या खिडकीतून काठ पाहिला तर गवत दिसत नाही. पाणी वर्षभर चढते-उतरते, त्यामुळे उघड्या दगडधोंड्यांचा करडा पट्टा तेवढा दिसतो.

माझ्याजवळच्या प्रवासी पुस्तिकेत या मुलखाला 'युरोपातले शेवटचे अरण्य' म्हटले होते. अरण्य कुणाचे, हा प्रश्न त्या पुस्तिकेला पडलेला नव्हता.

वाक्कोतावारेला उतरले तेव्हा दुपार झाली होती. चढ एकदम अंगावर येतो. भूर्जाची बुटकी झाडे संपतात आणि उघडे पठार लागते. मागे वळून पाहिले तर पाण्यापलीकडे आक्का पर्वताची हिमशिखरे. पहिले १५ किलोमीटर मी मजेत तोडले. दलदलीवर दोन-दोन फळ्या टाकलेल्या आहेत, त्यांवरून पळता येते. दगडांवर तांबडे ठिपके आहेत, त्यामुळे वाट चुकत नाही. चारच्या सुमारास तेउसायाउरे तळ्याच्या दक्षिण काठावर पोहोचले. समोर सुमारे एक किलोमीटर पाणी, पलीकडे मुक्कामघराचे छप्पर.

या तळ्यावर पूल नाही. पर्यटक संघाने वल्ह्यांच्या तीन होड्या ठेवल्या आहेत. नियम साधा आहे: दोन्ही काठांवर नेहमी किमान एक होडी राहिली पाहिजे. तुमच्या काठाला दोन असतील तर एक घेऊन निघा. पण एकच असेल, तर ती वल्हवत पलीकडे न्यायची, तिथली एक होडी मागे बांधायची, दोन्ही घेऊन परत यायचे, एक इथे सोडायची आणि मग पुन्हा पलीकडे जायचे. म्हणजे तीन फेऱ्या.

माझ्या काठाला एकच होडी होती.

वाचकहो, मी उभ्या आयुष्यात वल्हे हातात धरले नव्हते. अंबाझरीला पायांनी चालवायच्या होडीत बसले होते तेवढेच. वारा सुटला होता आणि पाण्यावर बारीक पांढऱ्या रेघा उठत होत्या. त्या दिवशी आणखी नऊ किलोमीटर जायचे ठरले होते. काठावर दुसरे कुणी नव्हते. मनात आले ते लपवत नाही: होडी घ्यावी आणि सरळ निघून जावे. कोण पाहते आहे? उद्या पलीकडून कुणी येईलच, तो आणील की होडी.

मी काठावरचे लाइफ जॅकेट घातले, सॅक झाकली आणि निघाले. पहिली फेरी निम्मी गोल फिरण्यातच गेली. वल्हवताना आपली पाठ जाण्याच्या दिशेला असते, हे मला होडीत बसल्यावर कळले. पलीकडे पोहोचले तेव्हा हाताला फोड आले होते. तिथे दोन होड्या होत्या. सॅक काठावर ठेवली, एक होडी दोराने मागे बांधली. आता वारा तोंडावर होता. मागची होडी सारखी एका बाजूला ओढत होती; दोन वेळा दोर वल्ह्यात अडकला. मध्यावर आल्यावर एकदा खरोखर भीती वाटली. ते पाणी बर्फाचे. आईचा प्रश्न आठवला. हाक मारायला काठ दोन्हीकडे सारखेच लांब होते.

दक्षिण काठाला होडी बांधली, गाठ दोनदा तपासली. मागे पठारावर कुणी येताना दिसत नव्हते. त्या संध्याकाळी तिथे कुणी आले की नाही, मला आजही ठाऊक नाही.

तिसरी फेरी संपली तेव्हा सात वाजून गेले होते. मुक्काम तिथेच केला. तीन दिवसांचे चार झाले.

या मुक्कामघरांविषयी लिहिले पाहिजे. वीज नाही, नळ नाही. बादलीने पाणी आणायचे, लाकडे फोडायची, गॅसच्या शेगडीवर स्वतःचे स्वतः रांधायचे, भांडी घासायची. खरकट्या पाण्याची बादली वेगळी असते. ती ठरवून दिलेल्या जागी नेऊन ओतायची. पाणी भरण्याची जागा निराळी, ओतण्याची निराळी, आणि ही सगळी कामे मुक्कामाला आलेल्यांनीच करायची. त्या रात्री माझ्या टेबलाशी एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. घाणीची बादली त्यांनी उचलली, मी लाकडे आणली. कुणी कुणाला सांगितले नाही. आपल्याकडे पाणी भरणारा कोण आणि घाण काढणारा कोण, हे जन्माआधीच ठरवून ठेवलेल्या समाजातून मी आले आहे. त्या बाई बादली घेऊन अंधारात गेल्या, ते मी जरा जास्तच वेळ पाहत राहिले असेन.

दुसऱ्या दिवशी ३४ किलोमीटर: काइतुमयाउरे, सिंगी, सेल्का. सिंगीच्या पूर्वेला केबनेकाइसे, स्वीडनचा सर्वांत उंच पर्वत. त्याचे दक्षिण शिखर बर्फाचे असल्यामुळे वितळत गेले आणि २०१९ साली उंचीचा मान खडकाच्या उत्तर शिखराकडे गेला. ते शिखर २,०९६ मीटरचे. या वाटेवरची सर्वांत उंच जागा, चेक्त्याची खिंड, जेमतेम १,१५० मीटर आहे. म्हणजे आपले कळसूबाई तिच्याहून किती तरी उंच. पण इथे भर ऑगस्टमध्ये खिंडीत जुना बर्फ होता आणि तिसऱ्या दिवशी वाऱ्याने मला दोनदा बसवले. पळणे सोडाच.

खिंड उतरल्यावर रेनडियर दिसू लागले. पाहणाऱ्याला वाटते रानटी जनावरे, पण प्रत्येकाला मालक आहे. कानावरच्या खुणांवरून ते कुणाचे हे ओळखतात. आलेसयाउरेला तळ्याकाठी सामींची उन्हाळी वस्ती आहे. दमलेल्या वाटसरूंना तिथली माणसे मोटरबोटीने तळे पार करून देतात. मी चालतच गेले, पण बोटीपाशी उभ्या असलेल्या एका वयस्क सामी बाईंशी बोलणे झाले. मी म्हटले, "या निर्जन भागात..." त्यांनी हसून मला थांबवले. "निर्जन तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या, "माझी आजी इथे जन्मली."

मी माफी मागितली. माझ्याकडूनच हे व्हावे याची लाज वाटली.

सामी या भूमीचे मूळ रहिवासी. बाहेरच्यांनी त्यांना 'लॅप' म्हटले. तो शब्द त्यांना अपमानाचा वाटतो. १९१३ च्या कायद्याने रेनडियर पाळणाऱ्या सामींच्या मुलांसाठी वेगळ्या 'भटक्यांच्या शाळा' निघाल्या. कमी शिकवायचे, म्हणजे ती आपल्या जागी राहतील, असा त्यामागचा हिशेब. १९२२ साली उप्सालाला सरकारी वंशजीवशास्त्र संस्था उघडली आणि तिच्या लोकांनी सामींच्या डोक्यांची मापे घेतली. शाळांत वाटा असलेल्या स्वीडिश चर्चने २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. आणि येरयास या सामी संघटनेने सरकारविरुद्ध दहा वर्षांहून अधिक काळ दावा लढवला. २३ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: त्यांच्या मुलखातल्या शिकारीचे व मासेमारीचे परवाने देण्याचा हक्क सरकारचा नाही, येरयासचा आहे, आणि तो अनादी वहिवाटीवर उभा आहे. लिहिलेले खत नसलेल्या माणसांनी सरकारविरुद्ध कोर्टात जिंकलेला तो हक्क. दुसऱ्या दिवशीच्या चालीतला बराचसा भाग याच मुलखाच्या आसपासचा. मी तो धावत पार केला होता.

चौथ्या दिवशी ३५ किलोमीटर, बहुतेक उतार. वाटेत ध्यानासाठी राखलेल्या जागा लागतात. डाग हॅमरशोल्ड हे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस. १९६१ साली काँगोतील युद्धबंदीच्या बोलणीसाठी जाताना विमान कोसळून गेले. त्यांना हे डोंगर फार आवडत, म्हणून त्यांचे शब्द इथे दगडांवर कोरले आहेत. एका दगडाशी मी चिक्कीचा शेवटचा तुकडा खाल्ला आणि पाय पसरून अर्धा तास नुसती बसले. घाई आता उरली नव्हती.

अबिस्कोला कमानीखालून बाहेर पडले. संध्याकाळच्या गाडीला वेळ होता. मोबाईलला रेंज आली, तशी नागपूरला लावला.

"जेवलीस का?" आईने आधी ते विचारले. मग म्हणाली, "एक दिवस जास्त का लागला?"

मी होडीची सगळी गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"मग दुसऱ्यांदा तरी होडी सरळ गेली का गं?"

"नाही आई. तिसऱ्यांदा गेली."