'घरी राहा' म्हणजे कोठे?

साथ आली की आम्हा प्रशासकांच्या लेखणीतून प्रथम उतरते ते 'घरी राहा'. सल्ला योग्यच, मात्र ज्या १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार आम्ही घेत आलो, त्याच्या मूळ चार कलमांत शिक्षा आहे, शिधा नाही.

मार्च २०२० मध्ये मी परराज्यात सेवेत होतो. तेथे विट्याकडील एका गलाई कारागिराने विचारले, "साहेब, एका खोलीत आम्ही सातजण. एकाला ताप आला तर त्यानं वेगळं राहायचं कुठं?" परिपत्रकात उत्तर नव्हते. (परिपत्रके बहुधा ऐसपैस घरांत राहणारेच लिहितात.)

केरळचे उदाहरण डोळ्यांपुढे होते. २०१८ च्या निपाहवेळी तेथे दोन हजारांहून अधिक संपर्कितांवर देखरेख होती. त्यांच्या कुटुंबांना शासनाने तांदूळही पुरविला. आम्ही एका शाळेचे दोन वर्ग उघडले आणि शिध्याची यादी केली. तीत पहिली नावे त्या सातजणांची होती.