मग काय, मॅडम?

सहा वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, पण दिवस कळतो. साडेबारा वाजले हे त्याला सांगून उपयोग नसतो. खिचडी झाली की खेळ, खेळ झाला की गोष्ट आणि गोष्ट झाली की घर, एवढं सांगितलं की त्याचा जीव थाऱ्यावर येतो. घरचा दिवसही त्याने असाच ओळखलेला असतो. शेळ्या सोडल्या म्हणजे सकाळ, आजोबा पारावरून परतले म्हणजे जेवण, दिवेलागण झाली म्हणजे आई शेतातून आली. जून महिन्यात हे मूल पहिलीच्या वर्गात येऊन बसतं तेव्हा हा सगळा ओळखीचा क्रम शाळेच्या फाटकाबाहेर राहून जातो.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराला लागून असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. शाळा उघडते त्या दिवशी आमच्याकडे प्रवेशोत्सव असतो. दाराला आंब्याची पानं, नव्या मुलांच्या हातात फुगा, गुलाबाचं फूल आणि कोऱ्या पुस्तकांचा संच. फोटो निघतात, पालक घरी जातात आणि मग पहिली सुरू होते. एक जण दाराला धरून रडत असतो. एकीने दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं असतं, ती ते खाली ठेवायला तयार नसते. दोघं-तिघं थोरल्या बहिणीच्या वर्गात जाऊन बसलेली असतात. जी रडत नाहीत ती विचारत असतात, मॅडम, आता काय? मग काय? घरी कधी जायचं? दिवसभर हे चालतं. पहिलीचा अभ्यासक्रम मला या प्रश्नांपासून सुरू झालेला दिसतो. पुढे काय होणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा सगळा जीव त्या पुढच्या गोष्टीत अडकलेला असतो. फळ्यावरच्या अक्षराला द्यायला त्याच्यापाशी लक्ष उरतच नाही.

म्हणून जूनमध्ये मी दिवस शिकवते. चप्पल कुठे काढायची, दप्तर कोणत्या खुंटीला टांगायचं, पाणी कधी प्यायचं, शू लागली तर कसं सांगायचं, पेन्सिलचं टोक मोडलं तर कुठे जायचं. या गोष्टी नुसत्या सांगून येत नाहीत. बेरीज शिकवावी तशाच त्या करून दाखवून, करवून घेऊन, पुन्हा पुन्हा घोटून शिकवाव्या लागतात.

चपलांचंच घ्या. व्हरांड्यात भिंतीपासून हातभर अंतरावर मी चुन्याची रेघ मारते. पहिल्या दिवशी काही न बोलता माझी चप्पल काढते, वाकते, दोन्ही उचलते आणि टाचा रेघेला लावून शेजारी शेजारी ठेवते. मुलं बघतात. मग एकाला बोलावते. तो करतो, बाकीची बघतात. सहा वर्षांच्या हाताला हे सोपं नसतं. डावी उजवीकडे जाते, एक रेघेवर येते आणि दुसरी पायरीवरच राहते. थोरल्या भावाची चप्पल घालून आलेल्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला असतो, ती नीट बसता बसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पावसाने चिखल होतो, मग आधी पाय धुवायचे हे त्यात वाढतं. हळूहळू असा एक दिवस येतो की कुणीतरी आपली चप्पल ठेवून झाल्यावर शेजारची वाकडी जोडीही सरळ करतं. जोडी म्हणजे काय, डावं-उजवं कोणतं, आपल्याआधी किती जण आले, हे त्या रेघेवर शिकून होतं. मला मात्र मोल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. रस्त्यावरून धावत आलेलं मूल तिथे थांबतं, वाकतं, आपल्या हाताने काहीतरी नीट करतं आणि मग उंबरा ओलांडतं. तेवढ्या वेळात त्याचं मनही शाळेत आलेलं असतं.

आत आलं की हजेरी. हजेरीपट मी भरतेच, पण मुलांची हजेरी निराळी असते. दाराशेजारी एक फलक आहे. त्याच्या डाव्या बाजूला घराचं चित्र, उजव्या बाजूला शाळेचं. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर प्रत्येकाचं नाव ठळक अक्षरांत लिहिलेलं. आल्या आल्या आपली पट्टी घरातून काढायची आणि शाळेत लावायची. सुरुवातीला नावाशेजारी फुलाचं, बैलाचं, चेंडूचं चित्र असतं आणि मुलं चित्रावरून पट्टी ओळखतात. पोळ्याच्या सुमाराला मी चित्रं काढून घेते, तरी हात बरोबर आपल्याच नावाकडे जातो. आमच्या वर्गातलं बहुतेकांचं पहिलं वाचन असं आपल्याच नावाचं होतं. आणखी एक गोष्ट घडते. सगळ्या पट्ट्या शाळेत आल्या आणि एक घरातच राहिली की ती साऱ्यांच्या डोळ्यांत येते. मग बातम्या लागतात. मॅडम, ती आजोळी गेली. मॅडम, त्याला ताप आलाय, काल रात्री दवाखान्यात नेलं होतं. कोण आलं नाही हे मला कळायच्या आधी वर्गाला कळतं. आपण नसलो तर आपली आठवण काढली जाते, हे ज्या मुलाला समजलं त्याला शाळा परकी राहत नाही.

या वाटेने आमच्या आधी थोर माणसं चालून गेली आहेत. १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसोरींनी आपलं पहिलं बालगृह उघडलं. हात धुणं, बटणं लावणं, पाणी न सांडता ओतणं अशा रोजच्या कामांना त्यांनी शिक्षणाच्या गाभ्यात जागा दिली. तो विचार घेऊन गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक मोठ्या हौसेने पहिल्याच दिवशी मुलांकडून शांततेचा खेळ करवून घ्यायला जातो आणि तो प्रयोग साफ फसतो. मग तो गोष्टीकडे वळतो, आणि गोष्टीच्या ओढीने तीच मुलं त्याच्याभोवती गोळा होतात. पहिलीच्या प्रत्येक शिक्षकाने हे पान जूनमध्ये एकदा वाचावं. शांतता मागून मिळत नाही. पुढे काहीतरी चांगलं येणार आहे अशी खात्री पटली की ती आपोआप येते.

भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम उभं केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी आदिवासी मुलांसाठी जे केलं त्याने महाराष्ट्राच्या बालशिक्षणाला वळण दिलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणारी मुलं कुरणावर असतात तर कुरणावर शाळा भरवायची, हे त्यांनी करून दाखवलं. मला त्यांच्यापासून घेण्यासारखी मोठी गोष्ट हीच वाटते. दिवसाचा क्रम पक्का असावा, पण तो मुलाच्या जगण्याला धरून असावा. वरून लादलेलं वेळापत्रक मुलं पाळतात, पण ते त्यांचं होत नाही.

मुलाच्या जगण्याला धरून म्हणजे त्याच्या पोटालाही धरून. सकाळच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना होते. धाकटी मुलं थोरल्यांकडे बघत ओठ हलवतात आणि पाठ होता होता त्यांचा आवाज मोठा होत जातो. पण पहिलीच्या दिवसाचा मध्य म्हणजे खिचडी. सरकारी हिशेबात प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि दिवसाला ४५० कॅलरी असं प्रमाण आहे. वर्गाच्या हिशेबात हा दिवसातला सगळ्यात मोठा धडा आहे. नळापाशी रांग, साबण तळहाताला, मग हाताच्या पाठीला, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याला, नखांना. ताटं वाटायला रोज दोघं निराळी. सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबायचं. भूक लागलेल्या सहा वर्षांच्या मुलाने समोर वाफाळती खिचडी असताना शेवटच्या ताटाची वाट बघणं ही साधी गोष्ट नाही. एवढा संयम मोठ्यांच्या पंगतीतही रोज दिसत नाही. मुलं तो शिकतात, कारण शेवटच्या ताटातही तेवढीच खिचडी पडते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. रोजच्या अनुभवाने त्यांना विश्वास बसतो आणि त्या विश्वासावर ती थांबू शकतात.

इथे क्रम आणि धाक यांतला फरक सांगायला हवा, कारण दोन्हींतून रांग सरळच दिसते. धाकाने लागलेली रांग शिक्षकाच्या नजरेपुरती असते. शिक्षक वळला की ती मोडते आणि मोडली की पुन्हा आरडाओरडा करावा लागतो. रुळलेल्या क्रमात शिक्षकाचा आवाज दिवसेंदिवस कमी लागतो. जूनमध्ये मी जे दहादा सांगते ते श्रावणात एकदा सांगावं लागतं आणि दिवाळीनंतर सांगावंच लागत नाही. वाचलेला वेळ मी त्या मुलापाशी बसून घालवते ज्याला अजून 'भ' आणि 'म' वेगळे काढता येत नाहीत. मुलंही मोकळी होतात. काय करायचं हे विचारत बसावं लागत नाही म्हणून ती दुसरं विचारू लागतात. पाण्याच्या टाकीवर बसलेला पक्षी कोणता, ढग काळा का, आज गोष्टीतला कोल्हा पुन्हा येणार का. आता काय आणि मग काय हे प्रश्न मिटतात तेव्हाच का आणि कसं हे प्रश्न सुचायला जागा होते.

आमच्या भागात या साऱ्याला आणखी एक अर्थ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावात मुकादमाच्या गाड्या येतात. उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. थोरली मुलं आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण धाकटं पोर आईला सोडवत नाही आणि तेही गाडीत बसतं. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास घालून दिले आहेत. या मुलांच्या वाट्याला त्यातले किती येतात हे गावोगावच्या हजेरीपटांतून वाचता येतं. तिकडे त्यांचा दिवस वेगळ्या क्रमाने चालतो. पहाटेच्या अंधारात आईबाप फडात, लहानगं भावंड कडेवर, कोपीत चूल, आणि गाडी भरेपर्यंत वाट बघणं.

उन्हाळ्याच्या तोंडावर ती परततात. अशीच एक मुलगी मार्चच्या शेवटी वर्गात आली. केस उन्हाने पिंगट झालेले, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. दिवाळीपर्यंत येत असलेली अक्षरं बरीचशी पुसली गेली होती. तिने रेघेवर चप्पल ठेवली, खिडकीजवळच्या खुंटीला दप्तर अडकवलं आणि फलकापाशी जाऊन घराच्या चित्रातून आपली पट्टी काढली. पट्टी शाळेत लावून ती आपल्या जागेवर बसली आणि शेजारणीशी बोलू लागली. बाकीच्या मुलांनी सरकून जागा दिली. अक्षरं आम्ही पुन्हा काढली आणि ती आलीही लवकर, कारण ती ज्या वर्गात शिकायची होती तो वर्ग तिला पुन्हा नव्याने शिकावा लागला नाही. म्हणूनच मी वर्षाच्या मध्ये खुंट्या बदलत नाही. गेलेल्या मुलाची पट्टी काढून ठेवत नाही. वर्गाची सजावट कितीही सुचली तरी फलक आहे तिथेच राहतो. ज्या मुलांचं घर, गाव, भाषा, झोपायची जागा सहा महिन्यांत दोनदा बदलते, त्यांच्या आयुष्यात एक खोली तरी जशीच्या तशी राहायला हवी.

पालकसभेत मला विचारतात, किती मुळाक्षरं झाली? केंद्रातही हेच विचारलं जातं. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी देते. पण जून-जुलैत माझ्या वर्गात कुणी आलं तर त्याने मुलांना विचारावं, आता यानंतर काय? मुलांनी न गोंधळता सांगितलं तर वर्ग चांगला चालला आहे असं समजावं. अक्षरं त्याच पायावर उभी राहणार आहेत.

या पायाला वेळ लागतो आणि माणूस लागतो. मुलांचा क्रम माझ्या येण्यावर उभा असतो. मी एक दिवस नसले तर मुलं सांभाळून घेतात, पण जूनमध्ये सलग चार दिवस मी माहिती भरायला, याद्या तपासायला, सर्वेक्षणाला गेले तर रुळू लागलेली घडी विस्कटते आणि दाराशी रडणारा पुन्हा रडू लागतो. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नये, असं शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलेलं आहे. माझं मागणं त्याहून लहान आहे. शाळा उघडल्यापासूनचे पहिले दोन महिने पहिलीच्या शिक्षकाला वर्गाबाहेरचं कोणतंही काम देऊ नका. त्या दोन महिन्यांत तो मुलांना एवढंच शिकवत असतो की उद्याही शाळा असेल, उद्याही आपली खुंटी तिथेच असेल आणि उद्याही आपली वाट बघणारं कुणीतरी दारात असेल. हे एकदा मुलाच्या मनात बसलं की उरलेलं सगळं त्याला शिकवता येतं.